रन-फ्लॅट टायर काढायचे की ठेवायचे?

माझी आतेबहीण पुण्यात डॉक्टर आहे. दर शनिवारी दुपारी दवाखाना उरकून ती कराडला आई-वडिलांकडे जाते आणि रविवारी रात्री परत येते. गेल्या वर्षी तिने पहिली जर्मन गाडी घेतली आणि महिनाभरातच मला फोन केला. "दादा, गाडी छान आहे, पण रस्त्यावरचा प्रत्येक खडा पाठीला कळतो. टायरच्या दुकानातला माणूस म्हणतो, हे रन-फ्लॅट काढा, साधे टाका, गाडी लोण्यासारखी चालेल. टाकू का?"

मी म्हटलं, आधी हवा तपास. सकाळी, गाडी रात्रभर उभी असताना, चालकाच्या दारामागच्या खांबावर चिकटवलेला तक्ता बघून. तक्त्यात कमी वजनासाठी ३३ पौंड लिहिलं होतं. चारही चाकांत ४२ निघाले. कारखान्यातून निघालेली गाडी ट्रेलरवर आणि गोदामात आठवडेच्या आठवडे एकाच जागी उभी असते. तेवढ्या काळात टायर खालून चपटा पडू नये म्हणून त्यात मुद्दाम जास्त हवा भरलेली असते. गाडी ग्राहकाच्या हाती देण्याआधी ती उतरवायची असते आणि हे काम पुष्कळदा राहून जातं. हवा जागेवर आणली आणि बहिणीची निम्मी तक्रार मिटली. उरलेली निम्मी खरी होती.

म्हणून नवी गाडी घेऊन या पेचात पडलेल्या प्रत्येकाला माझं पहिलं सांगणं हेच, की आधी हवा तपासा, दोन आठवडे बरोबर हवेवर गाडी चालवा, आणि मग टायरचा विषय काढा.

आपले टायर खरोखर रन-फ्लॅट आहेत का, हेही टायरवरच वाचून घ्या. डिकीत स्टेपनी नाही म्हणजे टायर रन-फ्लॅटच असणार, हा समज आता चालत नाही. जुलै २०२० मध्ये केंद्र सरकारने मोटार वाहन नियमांत बदल केला. ट्यूबलेस टायर, हवेचा दाब सांगणारी यंत्रणा आणि पंक्चर दुरुस्तीचा संच एवढं दिलं असेल, तर साडेतीन टनांपर्यंतच्या प्रवासी गाडीत स्टेपनी देणं सक्तीचं राहिलं नाही. त्यामुळे साधे टायर आणि स्टेपनीही नाही, अशा गाड्या आता विकल्या जातात. विजेवर चालणाऱ्या गाड्यांत तर हे नेहमी दिसतं. रन-फ्लॅटची खूण टायरच्या बाजूवर असते आणि प्रत्येक कंपनीची वेगळी असते. ब्रिजस्टोन आरएफटी लिहितं, मिशेलिन झेडपी, कॉन्टिनेन्टल एसएसआर, गुडइयर आरओएफ, हॅनकूक एचआरएस. बीएमडब्ल्यूसाठी बनवलेल्या रन-फ्लॅटवर आरएससी ही अक्षरं दिसतील, मर्सिडीजच्या रन-फ्लॅटवर एमओई.

आता हा टायर करतो काय, ते नीट समजून घेऊ, कारण सगळा निर्णय त्यावर उभा आहे. गाडीचं वजन टायरचं रबर उचलत नाही, आत कोंडलेली हवा उचलते. साध्या टायरमधली हवा गेली की बाजूची भिंत दुमडते, रिम आणि रस्ता यांच्यात चिरडली जाते आणि थोड्याच अंतरात टायरच्या चिंध्या होतात. रन-फ्लॅटच्या बाजूच्या भिंतीत कडक रबराचा जाड थर घातलेला असतो. हवा गेल्यावर तो थर वजन पेलतो. टायर बाहेरून बघितला तर पंक्चर झाल्याचं ओळखूही येत नाही. म्हणून दाब सांगणारी यंत्रणा नसलेल्या गाडीला रन-फ्लॅट कधीच बसवू नयेत; चालकाला कळणारच नाही आणि तो त्याच वेगाने जात राहील. १९९७ च्या शेव्हरले कॉर्व्हेटमध्ये स्टेपनीच न देता असे टायर मूळचेच दिले होते. पुढे बीएमडब्ल्यूने हे तंत्र नेहमीच्या वापराच्या गाड्यांत आणलं, आणि भारतात बहुतेकांची रन-फ्लॅटशी ओळख त्याच कंपनीच्या नाहीतर मिनीच्या गाड्यांतून झाली.

हवा शून्य झाल्यावर ताशी ८० किलोमीटरपेक्षा जास्त वेग नाही आणि ८० किलोमीटरपेक्षा जास्त अंतर नाही, हा या टायरचा नियम. या दोन्ही मर्यादा उष्णतेमुळे आहेत. कडक थर दर फेरीला वाकतो, वाकताना तापतो आणि तापत तापत शेवटी फाटतो. गाडीत वजन जास्त तर तो जास्त वाकतो. बीएमडब्ल्यूच्या जुन्या ३ सिरीजच्या माहितीपुस्तिकेत हे फार स्पष्ट दिलेलं होतं. एक-दोन माणसं आणि सामान नाही, तर सुमारे २५० किलोमीटर. गाडी पूर्ण भरलेली असेल तर जेमतेम ५०. आता सरसकट ८० लिहितात. पण लग्नाला निघालेली पाच माणसं आणि भरलेली डिकी घेऊन मे महिन्याच्या दुपारी हे ८० गृहीत धरू नका. अशा वेळी पहिलं बरं दुकान दिसेल तिथे थांबायचं.

बहिणीने तेव्हा टायर बदलले नाहीत. त्याच ऑगस्टमध्ये एका रविवारी रात्री साडेदहाच्या सुमारास, पावसात, खंबाटकीचा बोगदा ओलांडल्यावर तिच्या गाडीचा दिवा लागला. मागच्या डाव्या टायरमधली हवा झपाट्याने उतरत होती. गाडीत ती आणि तिची नऊ वर्षांची मुलगी. तिने वेग साठवर आणला, डावी मार्गिका धरली, मला फोन लावून तो स्पीकरवर ठेवला आणि न थांबता पुण्यात घरी आली. सुमारे साठ किलोमीटर. सकाळी टायर उतरवला तेव्हा आतून काळा भुगा पडला. टायर फेकावा लागला. मुलगी मात्र मागच्या सीटवर झोपून आली होती.

दुसरा अनुभव माझा स्वतःचा. भावाची गाडी घेऊन आम्ही आंबोलीहून सावंतवाडीकडे उतरत होतो. घाटात रस्त्याच्या कडेला खडी पसरलेली, समोरून येणाऱ्या बसला वाट देताना पुढचं चाक कडेच्या धारदार दगडावर चढलं आणि टायरची बाजू बोटभर चिरली. टायर रन-फ्लॅट होता, त्यामुळे हळूहळू सावंतवाडीपर्यंत पोचलो. तिथे गाडी अडकली. त्या मापाचा रन-फ्लॅट सावंतवाडीत नाही, कुडाळात नाही. पणजीत एका दुकानात साध्या टायरचं माप होतं, पण एका बाजूला रन-फ्लॅट आणि दुसऱ्या बाजूला साधा, असं एकाच आसावर चालत नाही. शेवटी टायर मागवला आणि तो येईपर्यंत दोन दिवस आम्ही लॉजवर काढले. डिकीत स्टेपनी असती तर वीस मिनिटांत निघालो असतो.

या दोन्ही गोष्टी एकाच जातीच्या टायरच्या आहेत. कोणता टायर चांगला, हा वाद म्हणूनच मला निरर्थक वाटतो. तुमचं चाक कुठे बसेल आणि त्या वेळी गाडीत कोण असेल, हे दोन प्रश्न खरे. आरामाचा आणि पैशाचा हिशोब त्यांच्यानंतर येतो.

पहिल्या प्रश्नासाठी एक कागद घ्या. गेल्या वर्षभरात गाडी कुठे कुठे गेली ते लिहा. मग तुमच्या मापाचा टायर तयार ठेवणारी आणि रन-फ्लॅट बसवण्याचं यंत्र असलेली दुकानं त्या वाटांवर कुठे आहेत, ते फोन करून विचारा. नुसतं "मिळेल" असं उत्तर आलं तर "आत्ता दुकानात आहे का" असं पुन्हा विचारा. मागवून मिळणारा टायर रस्त्यात अडकलेल्याच्या कामाचा नसतो. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग साडेचौऱ्याण्णव किलोमीटरचा आहे. त्यावर कुठेही चाक बसलं तरी एक ना एक टोक पन्नास किलोमीटरच्या आत येतं. रन-फ्लॅट ज्या कामासाठी बनला, ते काम तो इथे चोख करतो. पण पुण्याहून छत्रपती संभाजीनगरला जाताना मध्ये अहिल्यानगर आहे आणि तिथे तुमचं माप मिळेल की नाही, ते आधी विचारून ठेवलं पाहिजे. समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा. नागपूर सोडल्यावर वाशिम, बुलढाण्याच्या पट्ट्यात एखाद्या महाग गाडीचं माप शोधत ८० किलोमीटरचं वर्तुळ काढलं तर ते रिकामं निघण्याची तयारी ठेवा. कोकणात उतरणाऱ्यांची गत याहून कठीण. कुंभार्ली, वरंधा, ताम्हिणी, आंबोली, कुठलाही घाट घ्या. रात्र पडली की दुकान नाही आणि मध्येमध्ये फोनला रेंजही नाही.

दुसरा प्रश्न माणसांचा. चाक बदलण्याचं काम पंधरा-वीस मिनिटांचं, पण ते भरधाव रस्त्याच्या कडेला बसून करावं लागतं. द्रुतगती मार्गावर मोटारींना ताशी १०० ची आणि समृद्धीवर १२० ची परवानगी आहे. त्या वेगात मागून येणाऱ्या ट्रकचालकाला डुलकी लागली तर कडेला पाना फिरवत बसलेल्या माणसाला जागेवरून हलायलाही वेळ मिळत नाही. उभ्या गाडीवर मागून आदळल्याच्या बातम्या आपण नेहमी वाचतो. रन-फ्लॅट तुम्हाला त्या कडेला थांबू देत नाही, हा त्याचा सर्वांत मोठा गुण आहे. वय झालेले आई-वडील, रात्री एकटी गाडी चालवणारी मुलगी, पाठीचं दुखणं असलेला माणूस, ज्याने आयुष्यात कधी चाक बदललेलं नाही असा नवा चालक, यांच्यातलं कुणी तुमची गाडी नेहमी चालवत असेल, तर घरातल्या इतरांनी "गाडी कडक वाटते" एवढ्यावरून टायर काढून टाकू नयेत.

आता आरामाबद्दल. रन-फ्लॅट कडक असतो, हे खरं. ज्या भिंतीने हवेशिवाय गाडी पेलायची, ती खड्ड्यावर लवचीक कशी होईल? तो त्याच मापाच्या साध्या टायरपेक्षा जडही असतो, आणि चाकाचं वजन वाढलं की सस्पेन्शनला ते आवरणं जड जातं. सिमेंटच्या रस्त्यावरचे सांधे आणि शहरातले गतिरोधक यांवर फरक जास्त जाणवतो. साधे टायर टाकल्यावर गाडी मऊ होते, हे दुकानदाराचं बोलणं खोटं नाही. पण काही गाड्यांचं सस्पेन्शन रन-फ्लॅटचा कडकपणा धरूनच जुळवलेलं असतं. अशा गाडीत साधा टायर टाकला की वळणावर स्टिअरिंग थोडं सैल वाटू शकतं. सवयीने ते अंगवळणी पडतं.

मात्र पुष्कळांच्या बाबतीत कडकपणाचं मूळ टायरच्या जातीपेक्षा त्याच्या उंचीत असतं. शोरूममध्ये देखण्या दिसणाऱ्या १८-१९ इंची रिमवर टायरची भिंत इतकी बुटकी असते की खड्ड्याचा धक्का गिळायला रबरच उरत नाही. अशा गाडीला रन-फ्लॅट काढून तेवढ्याच उंचीचा साधा टायर बसवला, तर पावसाळ्यात रिम वाकण्याचा आणि टायरच्या बाजूला फुगा येण्याचा धोका तसाच राहतो. रिम एक इंच लहान करून टायर उंच घेणं हा तिथे जास्त शहाणपणाचा उपाय. उदाहरणार्थ, २२५/४५ आर १८ या टायरचा एकूण व्यास सुमारे ६६० मिलिमीटर भरतो आणि २२५/५० आर १७ चा ६५७. चाक बाहेरून जवळपास तेवढंच, स्पीडोमीटरवर परिणाम नगण्य, आणि टायरची भिंत एक सेंटिमीटरहून जास्त उंच. तुमच्याच गाडीच्या कमी किमतीच्या प्रकाराला कंपनी १७ इंची चाकं देत असेल, तर ती ब्रेकवर बसतील की नाही, ही शंका बहुतेक मिटते. तरी ब्रेकचं माप तपासून घ्याच, कारण महाग प्रकाराचे ब्रेक कधीकधी मोठे असतात.

पैशाचं गणित करताना लोक फक्त टायरची किंमत बघतात. रन-फ्लॅट साध्यापेक्षा महाग असतो. कंपनी आणि मापाप्रमाणे सव्वापट ते दीडपट, कधी जास्तही. त्याहून लपलेला खर्च पंक्चरचा आहे. साध्या टायरचं पंक्चर कुठलाही पंक्चरवाला दोरी घालून किंवा आतून मश्रूम पॅच लावून काढतो. रन-फ्लॅट हवेशिवाय चालवला असेल तर त्याच्या आत काय तुटलं, हे बाहेरून दिसत नाही; म्हणून तो दुरुस्त न करता बदलायचा. न चालवलेल्या रन-फ्लॅटचं पंक्चर काढावं की नाही, यावर कंपन्यांची मतं वेगळी आहेत. तुमच्या टायर कंपनीचं लेखी म्हणणं बघा. म्हणजे शंभर-दोनशे रुपयांत संपणारा एक खिळा तुम्हाला हजारोंचा टायर घ्यायला लावू शकतो.

हा खर्च टाळण्याची एक युक्ती आहे आणि रन-फ्लॅट ठेवा वा काढा, ती उपयोगी पडते. १२ व्होल्टवर चालणारा छोटा हवा भरायचा पंप गाडीत ठेवा. बहुतेक पंक्चर खिळ्याची असतात आणि खिळा आत रुतलेला असला की हवा हळूहळू जाते. साधारण पाचवा हिस्सा हवा गेली की डॅशबोर्डवर दिवा लागतो. तेव्हा पेट्रोल पंपावर किंवा उजेडाच्या सुरक्षित जागी थांबा, खिळा उपसू नका, हवा भरा आणि पुढे जा. हवा परत उतरू लागली तर पुन्हा भरा. टायर शून्यावर कधी गेलाच नाही, तर आतली इजाही होत नाही आणि पंक्चर काढण्याचा मार्ग शिल्लक राहतो. काही जण दिवा लागला की हवा न भरता गाडीच्या पडद्यावरून तो नुसता पुसून टाकतात. असं कधीही करू नका. जी गाडी चाकाच्या फिरण्यावरून दाबाचा अंदाज घेते, ती मग तीच उतरलेली हवा बरोबर समजते आणि पुढचा इशारा द्यायला उशीर करते. दुसरीकडे, डिसेंबरात पहाटे महाबळेश्वरला दिवा लागला तर घाबरूही नका. तापमान दहा अंशांनी उतरलं की सुमारे दीड ते दोन पौंड हवा कमी दिसते. मोजा, लागेल तेवढी भरा, मग दिवा पुसा.

इथे स्टेपनीबद्दल थोडं विषयांतर करतो. हा शब्द आपल्या इतका अंगवळणी पडला आहे की तो एका गल्लीच्या नावावरून आला, हे फार जणांना माहीत नसतं. मोटारी नव्या होत्या तेव्हा त्यांना जादा चाक नसायचं. पंक्चर झालं की रस्त्यात टायर काढून शिवत बसायचं. १९०४ मध्ये वेल्समधल्या लनेली गावी स्टेपनी स्ट्रीटवर दुकान असलेल्या डेव्हिस बंधूंनी जादा चाक विकायला काढलं आणि ते त्या गल्लीच्या नावाने जगभर गेलं. इंग्लंडात तो शब्द कधीच मागे पडला, आपल्याकडे टिकला. मला यात योगायोगापेक्षा जास्त काही दिसतं. जिथे पुढच्या दुकानाची खात्री नसते, तिथे माणूस जादा चाकावर विसंबतो. आपले रस्ते गेल्या वीस वर्षांत खूप सुधारले, पण दुकानाची ती खात्री अजून सगळीकडे पोचलेली नाही.

तर निर्णय. तुमची गाडी नव्वद टक्के शहरात आणि मुंबई-पुणे-नाशिक एवढ्यातच फिरत असेल, तर रन-फ्लॅट ठेवा आणि झिजल्यावरही तेच घ्या. गाडी एकटीदुकटी बाई किंवा ज्येष्ठ माणूस रात्री-अपरात्री चालवत असेल तरीही माझं मत हेच, मग आराम थोडा कमी का असेना. कोकण, विदर्भ, मराठवाडा, गोवा असे लांबचे प्रवास महिन्या-दोन महिन्यांत होत असतील, गाडीत चाक बदलू शकणारा माणूस बहुतेक वेळा असेल आणि डिकीत स्टेपनी ठेवायला तुमची तयारी असेल, तर साध्या टायरवर जा. पण नवेकोरे रन-फ्लॅट आजच काढू नका. तुमचे टायर चाळीस हजार किलोमीटर चालतील असं समजा आणि गाडी दोन हजारच चालली आहे; तर तुम्ही न वापरलेला बहुतेक सगळा टायर विकायला निघाला आहात. दुकानदार उतरवलेल्या टायरची किंमत पाडूनच सांगणार. नक्षीच्या खाचांत असलेल्या खुणेपर्यंत, म्हणजे १.६ मिलिमीटरवर टायर आला की तो बदलावाच लागतो. पावसाळ्यात मी तीनवरच बदलतो. तोपर्यंत थांबलं तर तुम्हाला वर फक्त स्टेपनीचाच खर्च येतो. याला एकच अपवाद मी करतो. घरातल्या कुणाला मणक्याचं दुखणं असेल आणि हवा बरोबर करूनही प्रवास सोसत नसेल, तर झिजण्याची वाट बघू नका.

साधा आणि रन-फ्लॅट यांच्यामध्ये तिसरा एक टायर आहे आणि त्याच्याकडे लोकांचं लक्ष कमी जातं. या टायरच्या आत, नक्षीखाली, चिकट द्रव्याचा थर असतो. खिळा घुसला की ते द्रव्य त्याला वेढतं आणि भोक बुजवतं. कॉन्टिनेन्टलचा कॉन्टिसील, पिरेलीचा सील इनसाइड हे त्यातले. जेके टायरनेही २०२२ मध्ये भारतात असा टायर आणला. साधारण ५ मिलिमीटरपर्यंतचं भोक हे टायर सांभाळतात, भिंत मऊ असल्यामुळे चालतातही साध्या टायरसारखे. मात्र बाजू चिरली तर त्यांचा काहीच उपयोग नाही. आंबोलीतल्या त्या दगडापुढे हा टायर जागीच बसला असता. म्हणून हे टायर घेतले तरी स्टेपनी हवीच.

बदलायचं ठरलं, तर काही गोष्टी दुकानात जाण्याआधी. चारही टायर एकदम बदला. निदान एका आसावरचे दोन्ही एकाच जातीचे आणि एकाच नक्षीचे हवेतच. माप, वजनाचा आकडा आणि वेगाचं अक्षर मूळच्या टायरइतकं किंवा वरचं घ्या. टायरवर २२५/४५ आर १७ ९१ डब्ल्यू असं लिहिलं असेल, तर शेवटच्या ९१ चा अर्थ तो एक टायर ६१५ किलो पेलतो. त्याखालचा आकडा स्वस्त पडतो म्हणून कुणी गळ्यात मारत असेल तर नको म्हणा. टायर कधी बनला ते चार अंकांत लिहिलेलं असतं, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. दोन वर्षं गोदामात पडलेला टायर पूर्ण किमतीला घेऊ नका. गाडीच्या कंपनीच्या सेवा केंद्राला आणि विमा कंपनीला ईमेल करून विचारा की साधे टायर टाकल्याने वॉरंटीवर किंवा दाव्यावर काही परिणाम होईल का. तोंडी उत्तरावर थांबू नका.

रन-फ्लॅट उतरवणं हे पहारीचं काम नाही. कडक भिंत रिमवरून सोडवायला जादा हात असलेलं यंत्र लागतं. ते नसलेल्या दुकानात रिमची कड खरवडली जाते. व्हॉल्व्हमध्ये दाबाचा सेन्सर आहे, हे कारागिराला आधीच सांगा. जुने रिम मात्र बदलायला नकोत, त्यांच्यावर साधा टायर व्यवस्थित बसतो. बॅलन्सिंग, अलाइनमेंट, मग हवा नव्या टायरच्या हिशोबाने भरून गाडीच्या पडद्यावर दाबाची नोंद नव्याने करा. पहिल्या शे-दोनशे किलोमीटरात जोरात ब्रेक मारणं टाळा, नव्या टायरची पकड तेवढ्यात जमते.

आणि स्टेपनी. मूळचे रन-फ्लॅट असलेल्या गाडीत स्टेपनीच्या जागेबरोबर जॅक आणि पानाही दिलेला नसतो, हे लोक विसरतात. तुमच्या गाडीला चालणारी बारीक चाकाची स्टेपनी कंपनीकडे मिळते का ते विचारा. ती पुढच्या ब्रेकवर बसते का, हे दुकानातच चढवून बघा. तिच्यात हवा साधारण ६० पौंड लागते आणि वेग ८० च्या वर न्यायचा नाही. पोलादी रिमला कधीकधी आखूड बोल्ट लागतात, ते सोबत ठेवा. चोरीरोधक बोल्टची चावी गाडीत कुठे आहे ते आजच शोधा. चाक बसल्यावर ती सापडत नाही, असं मी एकदा नाही, तीनदा पाहिलं आहे. स्टेपनी डिकीत पट्ट्याने घट्ट बांधा, कारण अपघातात सुटलेलं चाक मागच्या सीटवर येतं. बाटलीतलं पंक्चरचं औषध स्टेपनीची जागा घेऊ शकत नाही. बाजू चिरली असेल तर ते वाहून जातं आणि चार-पाच वर्षांत त्याची मुदतही संपते. हे सगळं झालं की एका रविवारी सोसायटीच्या आवारात, भर दिवसा, गाडी चालवणाऱ्या घरातल्या प्रत्येकाने एकदा चाक काढून परत बसवावं.

बहिणीने रन-फ्लॅट ठेवले आहेत. पंप घेतला, हवा दर पंधरा दिवसांनी बघते, आणि टायर झिजले की पुन्हा रन-फ्लॅटच घेणार आहे, कारण कराडची वाट आणि मागच्या सीटवरची मुलगी दोन्ही तीच आहेत. भावाने साधे टायर टाकले आणि डिकीचा तिसरा हिस्सा स्टेपनीला दिला. दोघांचंही मला पटतं. तुमचं काहीही ठरो, डिकीत स्टेपनी, जॅक आणि पाना बांधून होईपर्यंत रन-फ्लॅट उतरवू नका.